पाच मिनिटांची खुर्ची

१

बुधवारी माझं शिवणाचं दुकान बंद असतं, म्हणून बुधवारी आम्ही चित्रं बघायला जातो. ‘आम्ही’ आपलं म्हणायचं. चित्रं मी बघते आणि आमचे हे बाकं बघतात. कुठल्या दालनातलं बाक मऊ, कुठलं टणक, कुठं पाठ टेकता येते, सगळं त्यांना तोंडपाठ. शहराच्या मधोमध असलेलं ते कलादालन एवढं अवाढव्य आहे, की हातात नकाशा असूनही माणसं चुकतात. हे मात्र बाकांच्या खुणेवर बरोबर परत येतात.

मी जाते ती कपड्यांसाठी. जुन्या चित्रांतली मखमल, जाळीच्या कॉलरी, बाहीच्या चुण्या बघत मी तासन्‌तास उभी राहू शकते. चित्रकारानं शिवण बघून काढली की मनानं ठोकून दिली, ते मला लांबून कळतं. “या राणीचा झगा काखेत उसवणार बघा,” असं मी म्हणते, आणि हे बाकावरूनच म्हणतात, “मग टाक की दोन टाके, टेलरबाई.” लग्न झाल्यापासून मी टेलरबाईच आहे.

ह्यांचा जन्म टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे गेला. लहानपणी डावा हात मोडला, तो वैद्याने वाकडातिकडा बसवला, त्यामुळे तो उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला. त्यांचे शर्ट मीच शिवते. डावी बाही दोन बोटं आखूड कापायची हे माझ्या कात्रीलाही पाठ झालंय.

आणि ह्यांना कुणालाही नाही म्हणता येत नाही. स्टेशनवर अनोळखी माणसांच्या बॅगा सांभाळतील, रांगेत कुणाचाही नंबर धरून ठेवतील. एकदा एका बाईचं रडकं पोर कडेवर घेऊन उभे होते. ती फोन करायला म्हणून गेली ती खरेदी उरकूनच आली. स्वतःला मात्र पाणी हवं असेल तर आपण उठून घेणार. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा “जरा पांघरूण दे गं” असं तोंडातून निघालं नाही. दुसऱ्याला काम सांगणं त्यांना जमतच नाही. यावरून मी आयुष्यभर त्यांना टोमणे मारले, आणि त्यांनी ते हसत हसत ऐकले.

२

त्या बुधवारी आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. मोठी दालनं संपली की टोकाला एक लहानसं दालन आहे. आत जायचं आणि यायचं दार एकच. तिथं फारसं कुणी फिरकत नाही, कारण तिथं राजे नाहीत, लढाया नाहीत. भांडी, फळं, टेबलावर टाकलेलं कापड, अशी शांत चित्रं आहेत. एका चित्रात पांढरं सुती कापड टेबलावरून खाली ओघळलंय. त्याच्या घड्या इतक्या खऱ्या, की इस्त्री घेऊन यावंसं वाटतं.

त्या दालनात बाक नव्हतं. फक्त कोपऱ्यात गार्डची खुर्ची होती आणि तिच्यावर गार्ड बसला होता. उंच, काटकुळा, लांब हातांचा. मी आत शिरले आणि सवयीनं चित्रांच्या आधी त्याचा कोट बघितला. डावी बाही आखूड. मनगटाचं हाड, वर चार बोटं हात, सगळं उघडं. गार्डांना तयार कोट देतात, मापाचा काय पत्ता असणार, असं मी मनाशी म्हटलं. शिवणाऱ्याला बोल लावून मोकळी झाले.

मग कापडाच्या चित्राकडे जाताना त्याच्याजवळून गेले, आणि बाहीची कड दिसली. ती बिघडलेली बाही नव्हती. अस्तर उलगडून, वरचं कापड मापून आत दुमडून, बारीक टाक्यांनी सफाईनं आखूड केलेली होती. असलं काम कुणी चुकून करत नाही. कुणाच्या तरी मापानं मुद्दाम केलं होतं, आणि तो माणूस हा नव्हता.

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता येईना, म्हणून मी चित्र बघत राहिले. दालनात फार गारठा होता. मागे कुठं तरी एक पंखा की यंत्र बारीक घरघरत होतं, ते मधेच थांबायचं, आणि थांबलं की गार्ड मान वर करायचा.

एक परदेशी वाटणारी बाई आत डोकावली. गार्ड अगदी अजिजीनं तिला काही तरी म्हणाला. ती हसली, मान हलवली आणि निघून गेली. मग तो माझ्याकडे वळला.

“बाई, पाच मिनिटं या खुर्चीवर बसता का? मी आलोच जाऊन. आम्हाला खुर्ची रिकामी ठेवता येत नाही.”

“वा! मी काय नोकरीला आहे इथं?” मी म्हणाले. “तुमच्या साहेबांना बोलवा की.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नेहमीचंच उत्तर ऐकल्यासारखी त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात हे मागून, गुडघे चोळत चोळत, म्हणाले, “अहो, मी बसतो की. मला तशीही जागा हवीच आहे. जाऊन या तुम्ही, निवांत जा.”

३

गार्ड उठला. उठताना त्याच्या गुडघ्यांतून असा आवाज आला, जसा वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटातून येतो. त्याने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि म्हणाला, “गार वाटलं तर अंगावर घ्या.” ह्यांच्याकडे त्याने एकदाच बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. त्याला ह्यांची दया येत होती. मग तो दालनाबाहेर पडला आणि पडल्यापडल्या पळत सुटला. कलादालनात कुणी पळत नाही.

“घाईची लागली असेल बिचाऱ्याला,” हे म्हणाले.

मी हसले. खरंच हसले. मग बाकीची चित्रं बघितली, कापडाच्या चित्राकडे परत आले, आणि पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली. मी त्यांना उठा म्हणाले.

“शब्द दिलाय गं. येईलच तो.”

“तो चहा-सिगारेट करत बसलाय खाली. तुमच्यासारखा भोळा सांब रोज थोडाच भेटतो!”

“मग तू बघून ये कुठं आहे. मी बसतो.”

त्यांनी तो कोट अंगावर ओढून घेतला होता. गारठाच तेवढा होता, म्हणून मी काही म्हणाले नाही.

४

मी सरकत्या जिन्यानं खाली आले. उपाहारगृह पालथं घातलं, पुस्तकांचं दुकान बघितलं, पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर निर्लज्जासारखी उभी राहिले. तो नव्हता. शेवटी मुख्य दाराच्या काचेतून दिसला. बाहेरच्या रुंद पायऱ्यांवर उन्हात उभा होता, नुसत्या शर्टात. एक पायरी उतरायचा, थांबायचा, परत वर यायचा. रस्त्यावरच्या गाड्यांकडे असा बघत होता, जणू त्यांची ही जात त्याने कधी बघितलीच नव्हती.

मी बाहेर जाऊन त्याला गाठलं. “अहो! माझे मिस्टर बसलेत ना तुमच्या जागेवर! चला आधी वर.”

“माझ्या जागेवर?” तो म्हणाला.

“मग कुणाच्या?”

“बाई, मला घरी जायचंय,” असं तो अगदी हळू म्हणाला. “घर कुठल्या बाजूला ते आठवलं की लगेच जाईन.” मग त्याचे डोळे भरून आले. मी त्याचा दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला, आणि पायऱ्या उतरून गर्दीत शिरला. थोडा वेळ त्याचं डोकं बाकीच्या डोक्यांच्या वर दिसत राहिलं. नंतर तेही दिसेना.

५

वरच्या दालनात परत आले तर दोन कॉलेजच्या मुली ह्यांच्याशी बोलत होत्या. हे कोटाच्या दोन्ही बाह्यांत हात घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, ताठ बसले होते.

“त्या भांड्यावर खिडकीचा उजेड पडलाय ना,” हे सांगत होते, “ती खिडकी चित्रात कुठंच नाही. चित्रकाराच्या पाठीमागे होती ती. आणि स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, डावीकडे. उजवीकडचं बंद आहे.”

मुली गेल्या. ह्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नाही. आणि उजवीकडचं स्वच्छतागृह बंद आहे, हे मी आत्ता खाली बघून आले होते. हे वरून हललेच नव्हते.

मग मी कोट बघितला. डावी बाही मनगटाच्या हाडावर येऊन बरोबर थांबली होती. उजवीही बरोबर. खांद्याची शिवण खांद्यावर. मी आयुष्यभर त्या अंगाची मापं घेतली आहेत. मी शिवला असता तरी यापेक्षा चांगला बसला नसता.

“अहो, उठा,” मी म्हणाले. “तो गेला पळून. चला घरी.”

“हो, उठतो ना,” ते म्हणाले आणि बसून राहिले.

“उठा म्हणते ना!”

“हो हो.”

मी त्यांचा हात धरून ओढलं. धान्यानं भरलेली कोठी ओढावी तसं झालं. त्यांनी विरोध केला नाही, जोर लावला नाही. ते नुसते हलले नाहीत. मला वाटलं झटका आला. तोंड वाकडं झालंय का बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली, बोटं दाबायला सांगितली. त्यांनी सगळं शहाण्यासारखं केलं. माझी बोटं तर चांगली घट्ट दाबली.

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि गोड आवाजात म्हणाले, “बाई, जरा मागे सरकता का? चित्राला धक्का लागेल.”

बाई. मला.

६

चौकशीच्या खिडकीवरची बाई माझ्याबरोबर वर आली. तिने दारातूनच आत बघितलं आणि ह्यांना हात केला. ह्यांनीही केला.

“हे होय? हे आमचे जुने आहेत. सगळ्यात जुने. कधी रजा नाही, कधी तक्रार नाही.”

“अहो, तो माझा नवरा आहे! सकाळी माझ्याबरोबर तिकीट काढून आलाय आत!”

ती माझ्याकडे प्रेमानं बघायला लागली, तेव्हा मला कळलं की आता काही बोलून उपयोग नाही. वेड्या माणसाकडे आपण असंच बघतो.

लेकीला फोन केला. ती ऑफिस टाकून धावत आली. दालनात शिरल्याबरोबर “बाबा!” करून तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. माझा जीव थोडा भांड्यात पडला; निदान तिला तरी ते ओळखू येत होते. ह्यांनी तिची पाठ थोपटली, जशी हरवलेल्या पोराची थोपटतात, आणि विचारलं, “कुणाबरोबर आलीस बाळा? चुकलीस का?”

ती फार रडली. आम्ही दोघींनी मिळून ओढलं, खुर्चीसकट ओढलं. खुर्चीचे पाय फरशीवर एवढेसुद्धा सरकले नाहीत. बंद व्हायची घंटा झाली आणि सगळ्यांबरोबर आम्हालाही बाहेर काढलं. कर्मचाऱ्यांच्या दाराशी आम्ही उभ्या राहिलो. गार्ड एकेक करून बाहेर पडले, डबे-पिशव्या घेऊन, हसत-खिदळत. ह्यांचा पत्ता नाही. शेवटी दाराला कुलूप लागलं.

घरी जाताना लेक अचानक म्हणाली, “आई, ते गार्ड काका दिसायला थोडे बाबांसारखेच होते, नाही?”

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

७

मी दुकान उघडायचं सोडलं आणि रोज जायला लागले. सकाळी दार उघडलं की पहिली मी आत. वर जावं तर हे आधीच खुर्चीवर बसलेले, कोटाची बटणं लावलेली. मी समोर भिंतीला टेकून उभी राहायची. बोलले तर बोलायचे, छान बोलायचे. हवापाणी, गर्दी, चित्रं. मी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. एकदा वरचं बटण सैल झालेलं दिसलं, तेव्हा मी सुईदोरा काढून तिथंच लावून दिलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. “सराईत हात आहे हो तुमचा,” म्हणाले. मला हुंदका आवरला नाही, तर घाबरून म्हणाले, “काही चुकलं का माझं?”

पोलिसांकडे गेले. तिथल्या माणसाने विचारलं, हरवलेत कुठं? मी म्हणाले, हरवले नाहीत, कुठं आहेत ते मला माहीत आहे. त्याने पेन खाली ठेवलं.

लेक आधी यायची थांबली, मग तिचं विचारणंही थांबलं. परवा आली ती माझ्यासाठी फळं घेऊन. चहा केला, दोनच कप केले. मी म्हणाले, बाबांच्या कपाला तडा गेलाय, तो टाकू नकोस हं. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“आई, इतकी वर्षं एकटीनं काढलीस. आता माझ्याकडे ये ना राहायला.”

मी तिला ओरडले. अल्बम काढला, फोटो दाखवले. तिने नीट बघितले. “हे कोण? तुझ्या दुकानातले का?”

फोटोत ह्यांच्या कडेवर तीच होती.

ती गेल्यावर हात कशात तरी गुंतवावेत म्हणून मशीनपाशी बसले. मशीनवर एक शर्ट अर्धवट पडला होता. बघते तर डावी बाही आखूड. मी स्वतःवरच चिडले. म्हटलं, आता नजर गेली बाई तुझी, गिऱ्हाइकाचं कापड वाया घालवलंस. आणि टाके उसवायला घेतले. अर्धी बाही उसवून झाल्यावर माझा हात थांबला.

लेकीला मी दोष देत होते. आता माझीही पाळी आली होती.

८

दुसऱ्या दिवशी मी दालनात गेले आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मला बसायला सांगा,” मी म्हणाले.

“काय म्हणालात?”

“म्हणा, ‘बाई, पाच मिनिटं या खुर्चीवर बसता का?’ एवढंच म्हणा. त्या लंबूनं म्हटलं तसं. मी हो म्हणते. तुम्ही उठा आणि बाहेर जा. घराचा पत्ता मी तुमच्या खिशात घालते. लेक ओळखेल तुम्हाला. नाही ओळखलं तरी घर आहे, पलंग आहे, तुमचा कप आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मागचं यंत्र थांबलं. दालनात इतकी शांतता झाली, की मला त्यांचा श्वास ऐकू आला. रात्री उशाशी ऐकायचे तोच श्वास होता तो.

“तुम्हाला घरी नाही जायचं?” मी विचारलं.

“जायचंय ना,” ते म्हणाले. बोलताना त्यांचा ओठ हलला, अगदी आमच्या ह्यांचा हलतो तसा. “फार जायचंय. पण खुर्ची रिकामी ठेवता येत नाही.”

“मी बसते म्हणतेय ना! नुसतं विचारा मला!”

“छे हो. तुम्ही बाईमाणूस, एवढं वर चढून आलात, चित्रं बघायला आलात. तुम्हाला कसं अडकवायचं?”

“अहो, माझी खुशी आहे!”

“तुमची असेल. पण कुणाला काही काम सांगायचं म्हटलं की माझी जीभच उचलत नाही, बाई. पहिल्यापासून असंच आहे.” मग मला वाईट वाटू नये म्हणून ते हसले. “आणि मला इथं काही त्रास नाही. खरंच नाही.”

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. हात जोडले, विनवण्या केल्या, शिव्या घातल्या. उभ्या संसारात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या त्या दुपारी दिल्या. त्यांना दरडावलं, फसवायला बघितलं, नुसते ते शब्द माझ्यामागे म्हणा म्हणून पोरासारखं पढवायला बघितलं. ते “पाच मिनिटं”पर्यंत यायचे आणि ओशाळून थांबायचे. आत येणारे लोक आम्हाला बघून दारातूनच परत फिरत होते.

घंटा झाली तेव्हा तेच मला म्हणाले, “उठा आता. गुडघे दुखतील. खालच्या मजल्यावर, जिन्याजवळ, एक मऊ बाक आहे, पाठ टेकता येते. जाताना तिथं जरा बसून जा.”

९

मी अजून जाते. सरकत्या जिन्यावरून वर जाताना कुणाला भेटायला चाललेय ते कधी कधी डोक्यातून निसटतं. दालनात पाऊल टाकलं की परत येतं. शर्ट मी पर्समध्येच ठेवते, उसवलेल्या बाहीसकट, आणि वाटेत चाचपत राहते.

काल दालनाच्या दारात क्षणभर थांबले. कोपऱ्यात एक सज्जन म्हातारा गार्ड बसला होता. सवयीनं मी आधी त्याचा कोट बघितला. डावी बाही दोन बोटं आखूड, आणि तरी त्याला अगदी बरोबर बसलेली. ज्यानं कुणी शिवलाय त्याला माप घेता येतं, असं माझ्या मनात आलं, आणि मी कापडाच्या चित्राकडे वळले.

आठवायला काल फार वेळ लागला.